पाच पैशांचे तिकीट

दिवाळीच्या आधी माळा काढायचा, हा आमच्या घरचा जुना नेम आहे. मी शिडीवर, मुलगी खाली झेलायला, आणि आमची सौभाग्यवती नाकाला पदर लावून दारातून हुकूम सोडायला, अशी कामाची वाटणीही ठरून गेलेली आहे. यंदा चकलीचा सोऱ्या शोधता शोधता माझ्या हाताला आजोबांची पत्रांची तार लागली. पूर्वी घरोघरी अशी तार असे. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेले टोक, आणि मध्ये आलेली पत्रे पोटात भोक पाडून एकावर एक ओवलेली. घरात कोण जन्मले, कोण गेले, कोणाचे लग्न ठरले आणि कोणाचे मोडले, याचा सारा इतिहास त्या एका तारेवर तोलून राहिलेला असे. सोऱ्या राहिला बाजूला आणि आम्ही बापलेक पत्रे वाचत बसलो.

त्यातली बरीचशी पाकिटे मुंबईहून आलेली होती. आजोबांचे धाकटे भाऊ परळला गिरणीत होते. त्यांचे अक्षर मोठे आणि तक्रारी त्याहून मोठ्या. १९७२ च्या आरंभीच्या पाकिटांवर मुलीला एक गंमत दिसली. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट होते आणि त्यावर दोन इंग्रजी शब्द छापलेले होते. निर्वासितांना मदत, असा त्यांचा अर्थ.

“बाबा, एक तिकीट असताना हे दुसरे कशाला?” तिने विचारले.

मी सांगितले, की पूर्व बंगालमधून पळून आलेल्या लोकांसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसवला होता. तो १९७३ पर्यंत चालला. तिने पत्र उलगडून वाचले. त्यात धाकट्या आजोबांनी लिहिले होते, की आता पाकिटाला पाच पैसे जादा पडतात, तेव्हा यापुढे पत्र महिन्याआड येईल, काळजी करू नये.

मुलगी हसली. “म्हणजे त्यांनी काही खुशीने दिले नाहीत!”

“नाही.”

“मग त्याचे पुण्य त्यांना लागले की नाही?”

आठवीतल्या पोरीचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेला आणि सोऱ्या शोधून दिला. तार पुन्हा माळ्यावर गेली, पण तो प्रश्न काही माळ्यावर ठेवता आला नाही. दूरच्या, अनोळखी माणसांवर घोर संकट आले, म्हणजे आपण त्यांचे काय देणे लागतो? आणि लागत असू, तर ते ज्याने त्याने मनापासून द्यायचे, की कायद्याने वसूल करायचे? सणाच्या दिवसांत कत्तलींची गोष्ट काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. परंतु आपण दिवाळीत पणती उंबरठ्याबाहेर लावतो आणि आकाशकंदील घराबाहेर टांगतो. तो प्रकाश काही केवळ घरातल्यांसाठी नसतो.

ज्यांच्यासाठी ते तिकीट होते, त्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. विद्यापीठाची वसतिगृहे, हिंदूंच्या वस्त्या, बंगाली पोलिसांच्या बराकी यांवर हल्ले झाले. पुढच्या नऊ महिन्यांत किती माणसे मेली, याबद्दल आजही एकमत नाही. तीन लाखांपासून तीस लाखांपर्यंत आकडे सांगितले जातात. जवळजवळ एक कोटी माणसे सरहद्द ओलांडून भारतात आली.

हे जगाला कळले नव्हते काय? चांगले कळले होते. एप्रिलमध्ये लष्कराने आठ पाकिस्तानी पत्रकारांना पूर्व भागात फिरवून आणले. सारे आलबेल आहे असे त्यांनी लिहावे, ही अपेक्षा. सात जणांनी ती पुरी केली. आठवा अँथनी मस्करेन्हस. हा गोवेकर ख्रिस्ती कुटुंबातला, बेळगावात जन्मलेला, कराचीत वाढलेला. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे लिहायचे, हे त्याला जमेना. त्याने लंडन गाठून ‘संडे टाइम्स’च्या संपादकांना सर्व सांगितले, परत जाऊन आधी बायकामुलांना देशाबाहेर काढले, मग स्वतः निसटला. १३ जून १९७१ रोजी त्याचा लेख छापून आला. मथळा एकाच शब्दाचा होता: वंशसंहार. त्याच्याही आधी, ६ एप्रिलला, ढाक्यातील अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली होती. सरकारने धोरण बदलले नाही, ब्लडसाहेबांची जागा बदलली.

आणि राष्ट्रांची पंचायत काय करीत होती? संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांसाठी धान्य, औषधे, पैसा गोळा केला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण माणसे निर्वासित का होत आहेत, हा प्रश्न कोणी चव्हाट्यावर आणला नाही. डिसेंबरात युद्ध पेटेपर्यंत सुरक्षा परिषद त्यासाठी बैठकीला बसली नाही. ७ डिसेंबरला आमसभेने युद्ध थांबवण्याचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला, तेव्हा भारत त्या अकरांत होता.

वास्तविक अशा प्रसंगासाठी केलेला कायदा तेव्हा बावीस वर्षांचा झालेला होता. तो ज्या एका माणसाच्या ध्यासातून झाला त्याची कथा कादंबरीकाराने लिहिली असती, तर समीक्षकांनी ती अतिरंजित ठरवली असती.

राफाएल लेम्किन हा पोलंडमधला ज्यू. १९२१ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर एका आर्मेनियन तरुणाने तुर्कस्तानचे माजी मंत्री तलात पाशा यांना गोळी घातली. आर्मेनियन लोकांच्या सरसकट कत्तलीबद्दल तो तरुण त्यांना जबाबदार धरत होता. लेम्किन कायद्याचा विद्यार्थी. त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की त्याने प्राध्यापकांना विचारले, या तरुणाला एका खुनाबद्दल पकडले, मग लाखो माणसे मारणाऱ्याला का पकडले नाही? उत्तर मिळाले, की तसा कायदाच नाही. शेतकऱ्याने आपल्या कोंबड्या कापल्या तर तो त्याचा प्रश्न, तुम्ही मध्ये पडलात तर ती आगळीक तुमची. माणसे आणि कोंबड्या यांत फरक आहे, हे त्या विद्यार्थ्याने आयुष्यभर जगाला पटवून देण्याचे ठरवले.

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंड गिळला तेव्हा लेम्किन निसटला, स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचला. त्याच्या आईवडिलांसह कुळातली ४९ माणसे मारली गेली. या गुन्ह्याला नावच नव्हते. १९४४ मध्ये एका ग्रंथात त्याने ग्रीक आणि लॅटिन धातू जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. मग हातात झिजकी बॅग घेऊन तो संयुक्त राष्ट्रांच्या दारोदार फिरू लागला. १९४६ साली आमसभेत हा विषय मांडणाऱ्या ठरावावर तीन देशांची नावे होती: क्यूबा, पनामा आणि भारत. आपला देश त्या वेळी स्वतंत्रही झालेला नव्हता. विजयालक्ष्मी पंडित आपल्या प्रतिनिधिमंडळाच्या प्रमुख होत्या. पुढे ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वंशसंहाराला प्रतिबंध आणि त्याबद्दल शिक्षा यांसंबंधीचा करार संमत झाला. पाकिस्तानने १९५७ मध्ये आणि भारताने २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्याला मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, लेम्किन न्यूयॉर्कमध्ये कफल्लक अवस्थेत वारला. त्याच्या अंत्यविधीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे होती.

करारातले दोन शब्द नीट पाहावेत. प्रतिबंध आणि शिक्षा. शिक्षा ही मागाहूनची गोष्ट, प्रतिबंध ही आधीची. आपल्या खेड्यांत पूर्वी जागल्या असे. रात्री काठी आपटत फिरणे हे त्याचे काम. चोरी झाल्यावर पंचनामा करायला पाटील होताच. पण पंचनामा कितीही सुरेख लिहिला तरी गेलेला ऐवज त्याने परत येत नाही, आणि इथला ऐवज तर माणसांचे प्राण आहेत. जगाने पंचनाम्याची कला पुष्कळ वाढवली. जागल्याचे मात्र तसे झाले नाही. याचा सर्वांत लख्ख पुरावा म्हणजे १९९४ सालचा रवांडा.

आफ्रिकेच्या मध्यावरचा हा चिमुकला डोंगराळ देश. हुतू बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य. भाषा एक, धर्म एक, डोंगर एक. यादवी थांबवण्याच्या करारावर देखरेख करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक तिथे होते. त्यांचा प्रमुख कॅनडाचा जनरल रोमेओ दालेर. ११ जानेवारी १९९४ रोजी त्याने न्यूयॉर्कला तातडीचा संदेश पाठवला. शस्त्रे कुठे लपवली आहेत आणि तुत्सींच्या याद्या कशा बनत आहेत, हे एका माहीतगाराने त्याला सांगितले होते. दालेर ती शस्त्रे जप्त करायला निघाला होता. न्यूयॉर्कहून उत्तर आले, की तसे करणे तुमच्या अधिकाराबाहेर आहे. राष्ट्राध्यक्षांना कळवा आणि तीन देशांच्या वकिलातींना सांगा.

जागल्याने चोर पाहिला, चोराची पहार पाहिली, आणि ओरडला. वाड्यातून उत्तर आले, की तुझे काम फिरण्याचे आहे, ओरडण्याचे नाही.

६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि त्याच रात्री कत्तल सुरू झाली. नभोवाणीवरून तुत्सींना झुरळे म्हटले जाई आणि कोण कुठे लपले आहे ते सांगितले जाई. त्या नभोवाणीच्या लहरी बंद पाडण्याचा विचार अमेरिकेत झाला. खर्च फार आणि कायद्याची अडचण, म्हणून तो सोडून देण्यात आला. बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले, तेव्हा बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली. किगाली शहरातल्या एका तंत्रशाळेत त्या सैनिकांच्या भरवशावर सुमारे दोन हजार माणसे आश्रयाला आली होती. ११ एप्रिलला सैनिक गाड्यांत बसून निघून गेले. बाहेर मारेकरी वाटच पाहत होते. शाळेतल्या बहुतेकांची त्याच दिवशी कत्तल झाली. मी मास्तर माणूस. शाळा म्हटली, की मला फळा, घंटा आणि मधल्या सुटीचा कलकलाट आठवतो. तेव्हापासून ती एक शाळाही आठवते.

२१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव केला. सैन्य वाढवण्याचा नव्हे, कमी करण्याचा. २७० माणसे ठेवावीत असे ठरले. त्या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. त्यांत तुत्सी होते, आणि मारायला नकार देणारे हुतूही होते. या काळात मोठ्या देशांचे प्रवक्ते वंशसंहार हा शब्द उच्चारण्याचे टाळत होते, कारण तो उच्चारला की करारातले कर्तव्य अंगावर येईल, अशी भीती. वंशसंहाराची कृत्ये घडली आहेत, पण वंशसंहार म्हणता येणार नाही, अशी भाषा वापरली गेली. अशी किती कृत्ये झाली म्हणजे वंशसंहार होतो, असे एका वार्ताहराने विचारले. त्याला उत्तर मिळाले नाही. लेम्किनने शब्द घडवला तो माणसे जागी व्हावीत म्हणून. पन्नास वर्षांनी तोच शब्द टाळणे ही झोपेचे सोंग घेण्याची युक्ती झाली.

पुढे पंचनामा उत्तम झाला. अरुशा येथे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसले, ९३ जणांवर आरोपपत्रे झाली, आणि १९९८ मध्ये झाँ-पॉल अकायेसू या नगरप्रमुखाला वंशसंहाराबद्दल शिक्षा झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अशा गुन्ह्यासाठी दिलेली ती पहिली शिक्षा. कोफी अन्नान १९९४ मध्ये शांतिसेना विभागाचे प्रमुख होते. आपण अधिक करू शकलो असतो आणि करायला हवे होते, असे त्यांनी २००४ मध्ये, सरचिटणीस असताना, जाहीरपणे कबूल केले. त्याच साली त्यांनी वंशसंहार रोखण्यासाठी सल्लागाराचे पद निर्माण केले.

त्याच किगालीत सेनेगलचा एक कॅप्टन होता, एम्बाये दियान. निरीक्षक म्हणून आलेला, जवळ शस्त्र नाही. त्यानेही तेच आदेश वाचले होते. पण तो आपल्या गाडीत चारदोन माणसे दडवी आणि मारेकऱ्यांच्या नाक्यांवरून विनोद करीत, सिगारेटी वाटीत त्यांना पलीकडे नेई. पुन्हा माघारी येई, पुन्हा चारदोन नेई. अशी त्याने शेकडो माणसे वाचवली असे मानतात. ३१ मे १९९४ रोजी एका नाक्यावर तोफगोळा पडून तो मेला. घरी परतायला थोडेच दिवस उरले होते.

ही हकीकत वाचली, की प्रथम ऊर भरून येतो. मग एक वेगळाच विचार मनात येतो आणि तो सुखाचा नसतो. दियान होणे मला जमले असते काय?

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझी परीक्षा झालेली आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या सुटीत मी शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होतो. खिडकीतून पाण्याच्या टाकीमागची जागा दिसते. तिथे तीन मोठ्या मुलांनी एका लहान मुलाला धरले होते. तो गावाबाहेरच्या वीटभट्टीवर आलेल्या मजुराचा पोरगा. त्याची बोली वेगळी, कपडे वेगळे, आणि त्याला एक नाव पाडलेले होते. ते मी वर्गात दोनचार वेळा ऐकले होते आणि पोरे पोरांना चिडवतातच म्हणून सोडून दिले होते. मी पाहिले. माझ्या मनात पहिले वाक्य आले ते असे: या आठवड्याची देखरेख माझ्याकडे नाही. दुसरे आले: जाईल कोणीतरी. मी चहा संपवला. घंटा झाली. तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. महिन्याने मी भट्टीवर चौकशीला गेलो, तेव्हा ते कुटुंब दुसरीकडे गेले होते.

एका पोराच्या मारहाणीची आठ लाखांच्या कत्तलीशी तुलना करण्याचा आचरटपणा मी करणार नाही. परंतु माझ्या मनात आलेली ती दोन वाक्ये आणि न्यूयॉर्कहून गेलेले ते उत्तर यांची जात एकच आहे, हे मला नाकारता येत नाही. मी दुष्ट नव्हतो. न्यूयॉर्कच्या कचेरीत बसलेली माणसेही बहुधा दुष्ट नव्हती. तिघे मारतात, आणि तीनशे जण आपापला चहा संपवतात. अत्याचाराला लागणारी बहुसंख्या अशीच जमत असते.

आता दुसरी बाजू. आमच्या शाळेतले एक जुने मास्तर वादाला पक्के आहेत. त्यांच्याकडे हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “शेजाऱ्याच्या घरात शिरण्याचा परवाना एकदा दिलात, की उद्या दरोडेखोरही शेजारधर्म सांगत येईल.” हे बोलणे पोकळ नाही. २००५ मध्ये सर्व राष्ट्रांनी मिळून एक तत्त्व मान्य केले, की आपल्या लोकांचे वंशसंहारासारख्या गुन्ह्यांपासून रक्षण करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे, आणि ते राज्य उघड उघड अपयशी ठरले तर इतरांनी सुरक्षा परिषदेमार्फत पाऊल उचलावे. २०११ मध्ये त्याच तत्त्वाच्या आधारे लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी विमाने गेली. त्या ठरावावर मतदान करताना भारत तटस्थ राहिला. विमाने गेली ती राजवट उलथेपर्यंत थांबली नाहीत, आणि मागे उरला तो विस्कटलेला देश. पुढे सीरियात माणसे मरू लागली, तेव्हा लिबियाचा दाखला देऊन हात वर करणे सोपे झाले. पाच बड्यांच्या हाती नकाराधिकार आहेच. ज्याचा मित्र मारतो, तो मध्ये पडू देत नाही.

आणि १९७१ चे आपले काय? आपण पूर्व बंगालात गेलो ते निव्वळ करुणेपोटी, असे म्हणणे खरे होणार नाही. एक कोटी माणसांचा भार होता, शत्रूला दुबळे करण्याची संधी होती. मास्तर म्हणाले, “मग ते कसले पुण्य?”

मला वाटते, इथेच आपली चूक होते. आपण मदत करणाऱ्याच्या मनाचा तळ ढवळत बसतो आणि ज्याला मदत हवी त्याच्याकडे पाठ करतो. शेजारच्या घराला आग लागली आणि ती आपल्या घरावर येईल या भीतीने मी बादली घेऊन धावलो, तर माझ्या पुण्याचा हिशेब चित्रगुप्ताने करावा. आतल्या पोराला मात्र पाणीच हवे असते. हेतूची शंका घ्यावी, जरूर घ्यावी. पण ती कशासाठी? बादलीवाला आग विझल्यावर घरात ठाण मांडून तर बसत नाही ना, हे पाहण्यासाठी. भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्ये बांगला देशातून परतले. शंका ही पाहाऱ्याचे काम करू शकते. तिला सबब म्हणून वापरले, की ती मारेकऱ्यांच्या बाजूची होते.

शिवाय मध्ये पडणे म्हणजे फौजा घुसवणेच, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. फौज ही सर्वांत शेवटची आणि सर्वांत वाईट वाट. तिच्याआधी किती दारे असतात! झुरळ म्हणणारी नभोवाणी बंद पाडणे, शस्त्रे जप्त करणे, खरे नाव उच्चारणे, साक्षीदाराला आसरा देणे, पळून येणाऱ्यासाठी फाटक उघडणे. रवांडात ही सगळी दारे एकामागून एक बंद होत गेली, म्हणून शेवटी ‘युद्ध की काहीच नाही’ एवढाच प्रश्न उरला.

मग कोणी किती करावे? याचे मला पटलेले उत्तर एका निकालात सापडले. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनिका गावी, संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या जागी, आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. २००७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले, की हा वंशसंहार सर्बियाने स्वतः केला असे सिद्ध होत नाही, पण तो रोखण्याचे कर्तव्य सर्बियाने मोडले. मारेकऱ्यांवर ज्याचे वजन चालत होते त्याने ते वापरले नाही, हाच दोष. यश येईलच अशी हमी कायदा मागत नाही. गंभीर धोका कळला, की आपल्या आवाक्यातले सर्व करावे, एवढेच तो मागतो. म्हणजे ज्याचा हात जितका लांब पोचतो, तितके त्याचे देणे. देखरेख या आठवड्यात कोणाकडे आहे, हा प्रश्नच उरत नाही.

हात किती लांब पोचू शकतो याचा एक नमुना सांगतो. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या जीव घेऊन पळाले आणि बांगला देशात शिरले. ज्या भूमीतले लोक १९७१ मध्ये निर्वासित होऊन आपल्या दारी आले होते, तिनेच या वेळी दार उघडले. गँबिया हा पश्चिम आफ्रिकेतला टीचभर देश. त्याचे न्यायमंत्री आबुबकर तांबादू यांनी तिथल्या छावण्यांत जाऊन त्या लोकांच्या कहाण्या ऐकल्या. रवांडाच्या खटल्यांत त्यांनी वकील म्हणून काम केले होते, त्यामुळे ती कहाणी त्यांच्या कानाला नवी नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये गँबियाने म्यानमारविरुद्ध हेगला दावा लावला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्यानमारला या लोकांचे रक्षण करण्याचे आदेश दिले. आदेशाने सगळे थांबले असे नाही. परंतु ज्याच्याजवळ फौज नाही, नकाराधिकार नाही, सरहद्दही लागून नाही, त्यालाही उठून उभे राहता येते, इतके सिद्ध झाले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. धाकट्या आजोबांना पुण्य लागले की नाही? मला वाटते, तो कर बसवणाऱ्यांनी माणूस बरोबर ओळखला होता. माणूस कुरकुरणारा आहे, पत्र महिन्याआड लिहिणारा आहे, चहा संपवणारा आहे. त्याच्या मनात करुणा उगवेल आणि मग तो काही देईल, याची वाट पाहिली असती तर छावणीतली पोरे उपाशी मेली असती. त्याच्याकडून पाच पैसे घेतले, आणि ते घेतले म्हणून काही त्याचे सद्गुण कमी झाले नाहीत. कायदा असतो तो यासाठीच. दियानसारखी माणसे थोर खरी, पण ज्या जगात निरपराध माणूस जगवायला दरवेळी एक दियान लागतो, ते जग नीट चाललेले नाही. लेम्किनला देवमाणसे नको होती. सामान्य माणसाला भलत्या वेळी भलते धैर्य दाखवावे लागू नये, अशी व्यवस्था त्याला हवी होती. ती अजून पुरती झालेली नाही. ती होईपर्यंत अंगात थोडे धैर्य शिल्लक ठेवण्यावाचून आपली सुटका नाही.

हे सर्व मी मुलीला सांगितले नाही. चकल्या तळत होत्या आणि तिचे लक्ष तिकडे होते. मी इतकेच म्हणालो, “पुण्याचे मला माहीत नाही. पैसे मात्र पोचले.” तिला ते पटलेले दिसले.

ते पाकीट मी तारेतून काढून ठेवले आहे. दिवाळीनंतर भट्ट्या पेटतील, बाहेरगावची कुटुंबे येतील आणि दोनचार नवी पोरे वर्गात मागच्या भिंतीशी येऊन बसतील. त्यांना कोणी काही नाव पाडले, तर ते पहिल्या दिवशीच ऐकायचे, असे मी ठरवले आहे. आणि मधल्या सुटीतला चहा आता मी पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून पिणार आहे. देखरेख त्या आठवड्यात कोणाकडेही असो.